सक्युलंटच्या बिया आणि धूर: मुंबईत बी रुजवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लिथॉप्स किंवा कोनोफायटम अशा सक्युलंटच्या, म्हणजे पाणी साठवणाऱ्या गुबगुबीत पानांच्या झाडांच्या, बियांचं पाकीट मागवलं, ट्रे भरला, झाकण लावलं, आणि पंधरा दिवसांनी मातीवर नुसतं शेवाळ. मग कुणीतरी सांगतं, "अहो, या बियांना धूर द्यावा लागतो." हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार न करता धूर करायला घेतला, तर बी तर जातंच, शिवाय वरच्या मजल्यावरच्या काकूही नाराज होतात. हे प्रश्न बाल्कनीत, गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये बी रुजवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

धुराने बी उगवतं हे खरं आहे, की इंटरनेटवरची दंतकथा?

खरं आहे, आणि नीट सिद्ध झालेलं आहे. १९९० साली दक्षिण आफ्रिकेत द लांगे आणि बाउचर या दोघांनी ऑडुइनिया कॅपिटाटा नावाच्या एका दुर्मीळ झुडपावर काम करताना ते दाखवून दिलं. केप भागातल्या 'फिनबॉस' या झुडपी प्रदेशाला ठरावीक वर्षांनी वणवा लागतो आणि पुढच्या पावसात जमीन रोपांनी भरून जाते. तोपर्यंत बहुतेकांचा समज होता की ही करामत उष्णतेची किंवा राखेची. या दोघांनी आच लागू न देता नुसता धूर दिला आणि बी जागं झालं. पुढे केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात नेव्हिल ब्राउन यांनी फिनबॉसमधल्या कितीतरी वनस्पतींवर हा प्रयोग केला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या किंग्ज पार्कमधल्या शास्त्रज्ञांनीही तिथल्या झाडांवर तो केला. दोन्हीकडे यादी लांबत गेली.

पण या यादीत भरणा झुडपांचा आणि गवतासारख्या रेस्टिओंचा. आपल्या कुंडीतली गुबगुबीत पानांची मंडळी तीत थोडीच आहेत.

मग सक्युलंटचा धुराशी संबंध काय? वाळवंटात वणवा कुठून लागणार?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. लिथॉप्स, कोनोफायटम आणि त्यांचे अनेक भाऊबंद दक्षिण आफ्रिकेच्या आणि नामिबियाच्या कोरड्या पट्ट्यांतले. तिथे झाडं खुजी, विरळ, पाण्याने भरलेली, मधे उघडी खडी. ठिणगी पडली तरी पुढे सरकायला जळण नाही. म्हणजे या झाडांच्या पूर्वजांनी वणवा क्वचितच पाहिला असेल.

तरीही १९९५ साली पिअर्स, एस्लर आणि काउलिंग यांनी मेसेंब कुळातल्या सक्युलंटच्या बियांना धूर देऊन पाहिला. लिथॉप्स याच कुळातलं. त्यांनी जाती मुद्दाम दोन प्रकारच्या घेतल्या: काही वणवा लागणाऱ्या भागातल्या, काही कधीच न लागणाऱ्या. दोन्हीकडे धुराने उगवण वाढली. वणव्याच्या भागातलं बी धूर ओळखेल हे कुणालाही पटेल. पण ज्या जमिनीवर आग पसरूच शकत नाही तिथलं बीही ओळखतं, याचा अर्थ धुराला प्रतिसाद देणं हा वणव्यासाठीच कमावलेला गुण असेल असं नाही.

धुरात असतं तरी काय?

धुरात हजारो रसायनं असतात. त्यांपैकी बियांना जागं करणारं एक महत्त्वाचं रसायन २००४ साली सापडलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्लेमाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं, आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत फान स्टाडेन यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तेच शोधलं. आज त्याला कॅरिकिनोलाइड म्हणतात. ते सेल्युलोज जळताना तयार होतं, म्हणजे गवत, पालापाचोळा, कागद यातलं काहीही जळालं तरी ते थोडंफार बनतं. पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने सहज मोडत नाही. म्हणून तर 'धुराचं पाणी' करून ठेवता येतं.

त्याची मात्रा ऐकली की हसू येतं. संवेदनशील बियांना १ नॅनोमोलर इतकं पातळ द्रावण पुरतं. हिशेब केला तर १ ग्रॅम कॅरिकिनोलाइडपासून असं सुमारे ६६ लाख लिटर पाणी होईल. ट्रेवर धुराचे लोटच्या लोट सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे एकटंच नाही. २०११ साली धुरात ग्लिसरोनायट्राइल नावाचं आणखी एक संयुग सापडलं, जे पाण्यात अत्यल्प सायनाइड सोडतं आणि कॅरिकिनोलाइडला दाद न देणाऱ्या काही ऑस्ट्रेलियन झाडांचं बी उगवायला लावतं. उलट, धुरात उगवण रोखणारी संयुगंही असतात. म्हणूनच दाट धुराने बी उगवायचं राहतं आणि पातळ धुराने उगवतं.

वणवा न पाहिलेल्या बीला धूर कळतो कसा?

बियांच्या पेशीत केएआय-२ नावाचं एक प्रथिन असतं. कॅरिकिनोलाइडचा संदेश त्याच्यामार्फत आत पोचतो. हे प्रथिन फक्त वणव्याच्या प्रदेशातल्या झाडांत नाही, ते वनस्पतींमध्ये सर्वदूर आहे. प्रयोगशाळेत अभ्यासासाठी वाढवतात त्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपातही आहे, आणि त्याचा वणव्याशी काही संबंध नाही. शास्त्रज्ञांचा तर्क असा की हे कुलूप झाडाने स्वतःच्याच एखाद्या संप्रेरकासाठी बनवलं आणि धुरातल्या रेणूची किल्ली योगायोगाने त्यात बसते. हे मानलं की १९९५ च्या प्रयोगातलं कोडंही सुटतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: "माझं झाड वणव्याच्या भागातलं नाही, म्हणून धूर फुकट" हे म्हणणं चूक, आणि "केएआय-२ सगळ्यांत आहे, म्हणून सगळ्यांना धूर" हेही चूक. बी मुळात झोपलेलं असेल तरच त्याला उठवण्यात अर्थ.

कुठल्या बियांना धूर देऊन पाहावा आणि कुठल्यांना नको?

मेसेंब कुळातल्या बियांवर वेळ घालवण्यात अर्थ आहे, त्यातही लॅम्प्रॅन्थस, एरेप्सिया यांसारख्या केप भागातल्या झुडपी जातींवर. लिथॉप्स आणि कोनोफायटमचं चांगलं साठवलेलं बी धुराशिवायही उगवतं. ताजं बी मात्र बरेचदा हटून बसतं, त्याला सुप्तावस्था असते. काही महिने कोरड्या जागी ठेवलं की ती आपोआप ओसरते. तेवढा धीर नसेल तर धूर करून पाहा.

अडेनियमला धूर देऊ नका. ताजं बी आठवड्याभरात वर येतं, त्याला उठवायचं काय? ड्रॅगन फ्रूटचंही तेच. निवडुंगांमध्ये बारीक बियांच्या बऱ्याच जातींना उजेड लागतो, त्यामुळे त्या मातीत पुरल्या तर धूर देऊनही रुसून बसतात. आपली 'ऑफिस टाइम' आणि तिची रानटी बहीण, म्हणजे बाजारात जुडी मिळते ती घोळ, या दोघी तर उजेड आणि ऊब मिळाली की फरशीच्या फटीतही उगवतात.

फड्या निवडुंगाच्या जातीतल्या बिया, काही सक्युलंट पेलार्गोनियमच्या बिया यांचं कवच कठीण असतं. कवचच आड येत असेल, तिथे धूर काय करणार? त्यांना सँडपेपरने हलकं घासणं हा उपाय. धुराची आणि कठीण कवचाची गल्लत फार होते, कारण वणव्यात दोन्ही गोष्टी एकत्र घडतात: उष्णतेने कवच तडकतं आणि धुराने आतलं बी उठतं.

आपल्या सह्याद्रीतल्या सक्युलंटचं काय?

शिंदळ माकुडी हे आपलं सगळ्यात नावाजलेलं सक्युलंट. फ्रेरिया इंडिका, महाराष्ट्राबाहेर कुठेच नैसर्गिकरीत्या न सापडणारं. जुन्नर परिसरात, शिवनेरीच्या कड्यांवर ते आहे. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी त्याची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला दिलं. रुईच्या कुळातलं असल्याने बीला रेशमी झुपका असतो, वाऱ्याबरोबर जातं. या कुळातल्या सक्युलंटचं बी ताजं असेल तर साधारण लवकरच उगवतं आणि जुनं झालं की मरतं. त्यामुळे इथे धुरापेक्षा ताजेपणा मोलाचा.

आणि एक स्पष्ट सांगतो: कड्यावरून या झाडाचं बी किंवा फांदी आणू नका. नर्सरीत वाढवलेली रोपं मिळतात. डोंगरावर उन्हाळ्यात माणसं गवताला काडी लावतात, त्यात ही झाडं होरपळतात. तो धूर त्यांच्या फायद्याचा आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गावाकडे राब भाजतात, तोच प्रकार का?

विचार करायला लावणारी गोष्ट आहे. ठाणे, पालघर, रायगडकडे भात-नाचणीच्या रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून पावसाआधी जाळतात. सांगितली जाणारी कारणं ठरलेली: तणाचं बी मरतं, राखेतून खत मिळतं, माती भुसभुशीत होते. ही कारणं खोटी नाहीत. पण सेल्युलोज जळलं की कॅरिकिनोलाइड बनतं आणि पावसाने ते मातीत उतरतं, हेही तितकंच खरं. कणसं चुलीच्या वर टांगून धूर लागू देण्याची रीतही आपल्याकडे होती, दक्षिण आफ्रिकेतही शेतकरी मक्याचं बी तसंच ठेवतात. किडीपासून राखण हा हेतू असला तरी बियांवर धुराचा परिणाम होत असणार.

पण राब भाजलेल्या तुकड्यावरून लिथॉप्सच्या ट्रेचा हिशेब मांडू नका. तिथे उष्णता, राख, धूर सगळं एकत्र असतं आणि पिकंही वेगळी.

अगरबत्ती, धूप, ऊद, डासांची कॉइल यांचा धूर चालेल का?

कॉइल अजिबात नको, तिच्यात कीटकनाशक असतं. अगरबत्तीत सुगंधी द्रव्यं आणि तेलं, ती बियांवर काय करतील याचा भरवसा नाही. ऊद म्हणजे राळ, त्यात सेल्युलोज नसतं, म्हणून हवं ते रसायन त्यातून फारसं मिळणार नाही. गोवरी चालण्यासारखी आहे, कारण ती शेवटी पचलेलं गवतच. पण सगळ्यात सरळ उपाय म्हणजे कोरडं, स्वच्छ, फवारणी न केलेलं गवत. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, छापील कागद, प्लास्टिक काहीही आत जाता कामा नये.

मुंबईच्या हवेत एवढा धूर आहे, वेगळा कशाला?

थट्टेत विचारतात, पण त्यात मुद्दा आहे. १९९७ साली कीली आणि फॉदरिंगहॅम यांनी कॅलिफोर्नियातल्या एमेनँथी नावाच्या वणव्यानंतर उगवणाऱ्या फुलझाडाचं बी धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइड वायूने उगवतं असं दाखवलं. तोच वायू गाड्यांच्या धुरातही असतो. तरी हायवेला लागून असलेल्या खिडकीत ट्रे ठेवून काही साधेल असं समजू नका. डिझेलच्या धुरात सेल्युलोज जळून तयार होणारं कॅरिकिनोलाइड नसतं, काजळी मात्र भरपूर असते आणि ती कोवळ्या रोपांवर बसते.

धुराचं पाणी घरी कसं करायचं?

'घरी' हा शब्द जरा सैल घ्या. फ्लॅटमध्ये करू नका. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नको, कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाला आडवं करतं. उंच इमारतींत धुराचे अलार्म असतात, आणि उघड्यावर जाळण्याला महापालिकेची मनाई आहे हेही विसरू नका. गावाला जाणं होत असेल तर तिथे अंगणात करा, एकदा केलेली बाटली बरेच दिवस पुरते.

लागतं ते असं: मधमाश्या पाळणारे वापरतात तो भात्याचा स्मोकर, धूर सहन करेल अशी नळी, आणि अर्धी पाण्याने भरलेली काचेची बाटली. स्मोकरमध्ये गवत पेटवून ज्वाळा विझू द्या, नुसतं धुमसत राहिलं पाहिजे. येगर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पाहिलं होतं की साधारण १६० ते २०० अंशांच्या दरम्यान तापवलेल्या वनस्पतींतून चांगलं परिणामकारक द्रावण मिळतं, म्हणजे भडका नकोच. नळीचं टोक पाण्यात बुडवून भाता हळूहळू दाबत राहा, धूर बुडबुड्यांतून जाऊ द्या. अर्धा-पाऊण तासात पाणी पिवळसर-तपकिरी होतं आणि वास येतो. मग कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घ्या.

प्रयोगशाळेत थेमेडा नावाच्या गवताची ५ किलो पानं जाळून धूर अर्ध्या लिटर पाण्यातून पाऊण तास सोडतात, आणि ते मूळ द्रावण ५०० पट पातळ करून वापरतात. घरच्या पाण्याची ताकद तितकी नसते, आणि नक्की किती आहे हे मोजायला आपल्याकडे साधन नाही. म्हणून एकाच प्रमाणावर विसंबू नका. १० पट, १०० पट आणि ५०० पट अशी तीन पातळ द्रावणं करा, प्रत्येकासाठी थोडं बी वेगळं ठेवा. कुठलं लागू पडलं ते ट्रेच सांगेल.

पाण्याऐवजी थेट धूरही देता येतो. पेरलेला ओलसर ट्रे मोठ्या उलट्या टबाखाली ठेवून तासभर धूर आत सोडायचा. त्यानंतर काही दिवस वरून भसाभस पाणी घालू नका, बसलेली रसायनं वाहून जातात.

बी किती वेळ भिजवायचं?

मोठ्या बियांना १२ ते २४ तास पुरतात. मेसेंबचं बी इतकं बारीक की भिजवून पुन्हा उचलणं हीच शिक्षा. त्यापेक्षा कोरडंच पेरा आणि पातळ धुराचं पाणी ट्रेच्या खालून चढू द्या. मेसेंबचं बियांनी भरलेलं सुकं बोंड अख्खं असेल तर गंमत पाहायला मिळते: थेंबभर पाणी पडलं की काही मिनिटांत कप्पे उघडतात, वाळलं की पुन्हा मिटतात. या झाडांनी पावसाचा संदेश ओळखण्याची सोय बोंडातच केली आहे. ते उघडायला साधं पाणी पुरतं.

होळीची राख मातीत मिसळली तर?

नको. राख अल्कधर्मी असते, मातीचा सामू वर जातो, आणि पांढरी राख होईपर्यंत हवं असलेलं रसायन बहुतेक जळून गेलेलं असतं. शिवाय होळीत काय काय जळतं हे आपण सगळेच जाणतो.

मुंबईत पेरायचं कधी?

या उत्तरावर धुरापेक्षा जास्त बी तरतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. लिथॉप्स आणि त्याच्या नातलगांना साधारण १५ ते २५ अंश आणि दिवसरात्रीत चांगला फरक लागतो. मुंबईत तो फरक हिवाळ्यातच मिळतो. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे १७-१८ अंश आणि दुपारी ३० च्या वर. कुलाब्याला समुद्रामुळे पहाट इतकी गार होत नाही. बोरिवली-ठाण्याकडे राहत असाल तर तुमचं नशीब जरा जोरावर. जुलैत मात्र दिवसरात्र २५ ते ३० च्या मधेच घुटमळतं, हवेत दमटपणा भरलेला, आणि झाकणाखाली बुरशीचं राज्य. पावसाळ्यात मेसेंब पेरून धुराला दोष देणारे बरेच भेटतात.

पेरताना मिश्रणात कोकोपीट कमी, बारीक परलाइट आणि धुतलेली वाळू जास्त. मिश्रण आधी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून घ्या. बी वरच ठेवा, दाबून पुरू नका. झाकण लावून ट्रे लख्ख उजेडात पण थेट उन्हाबाहेर. लिथॉप्स साधारण आठवडा-दोन आठवड्यांत दिसू लागतं. दिसलं की झाकण रोज थोडं अधिक उघडत जा, नाहीतर रोपं एका रात्रीत कोलमडतात. मर रोगावर धुराच्या पाण्याचा उपाय म्हणून भरवसा ठेवू नका, हवा खेळती ठेवणं हाच खरा इलाज.

धूर दिला तरी काही उगवलं नाही. का?

बहुतेक वेळा बी मेलेलं असतं. मेलेल्या बीला कुठलाच धूर उठवत नाही. स्वस्तात 'रंगीबेरंगी लिथॉप्स मिक्स' म्हणून ऑनलाइन मिळतं त्यात कधीकधी लिथॉप्सच नसतं, हेही एक कारण. त्यानंतर येतो दाटपणा: पाणी पुरेसं पातळ केलेलं नसतं. मग उकाडा.

धुराचा फायदा झाला हे ओळखायचं कसं?

अर्धं बी साध्या पाण्यात पेरा. त्याच पाकिटातलं, त्याच ट्रेमधे, मधे पट्टी लावून. हे न करता "धुराने ऐंशी टक्के उगवलं" म्हणणाऱ्याला विचारा, धुराशिवाय किती उगवलं असतं? उत्तर येत नाही. माझं मत असं की मुंबईतल्या निम्म्या यशोगाथा धुराच्या नसून डिसेंबरच्या आहेत.

विकत मिळतं का?

कर्स्टनबॉशने काढलेले धूर शोषलेले कागद प्रसिद्ध आहेत, पाण्यात बुडवले की धुराचं पाणी तयार. आपल्याकडे मागवायला ते महाग पडतात. स्वयंपाकासाठी मिळणारा 'लिक्विड स्मोक' काही जण वापरतात. वापरायचाच असेल तर मीठ, साखर, व्हिनेगर नसलेला पाहा, आणि तोही खूप पातळ करून.

उरलेलं पाणी ठेवता येतं का?

येतं. गडद रंगाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. बुरशी धरली किंवा वास बदलला तर फेकून द्या. धुरात आरोग्याला घातक रसायनंही असतात, त्यामुळे हाताळताना हातमोजे घाला आणि बाटलीवर ठळक अक्षरांत 'पिऊ नये, झाडांसाठी' असं लिहून ठेवा. फ्रिजमधल्या तपकिरी पाण्याला घरात कुणीही कोकम सरबत समजू शकतं.